यादीत येण्याआधीच वगळलेले गाव

वाचकाचे पत्र

आम्ही अकरा वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. माझे पती आयटी क्षेत्रात आहेत, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मुलगी सात वर्षांची आहे. भाड्याची जागा सोडून आता स्वतःचे घर घ्यायचे आम्ही ठरवले आहे. एका रविवारी घरे शोधण्याचे ॲप उघडून बसलो होतो. पतींनी शाळेच्या गुणांकाची (दहापैकी किमान किती हवा त्याची) पट्टी आठवर नेली आणि ज्या गावातल्या क्लिनिकमध्ये मी सहा वर्षे काम करते, ते अख्खे गाव नकाशावरून नाहीसे झाले. त्या गावात निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहे, आपले लोक थोडेच आहेत. घरे स्वस्त आहेत, न्यूयॉर्कला जाणारी थेट गाडी आहे, शाळेचा गुणांक सहा आहे. आमच्या एजंटबाई भारतीयच आहेत. मी त्या गावाचे नाव काढले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते तुमच्यासारख्या कुटुंबांसाठी नाही." मराठी मंडळातल्या मैत्रिणीही तेच सांगतात. पती म्हणतात की यात वर्णाचा काही संबंध नाही, मुलीच्या शाळेचा प्रश्न आहे. क्लिनिकमधली माझी एक कृष्णवर्णीय सहकारी त्याच गावात राहते. तिने परवा सहज विचारले, "घर कुठे बघताय?" मी खोटे बोलले. म्हटले, अजून बघायलाच सुरुवात केलेली नाही. तेव्हापासून मला नीट झोप लागत नाही. आम्ही वर्णद्वेष्टे आहोत का? की मुलीसाठी चांगली शाळा शोधणाऱ्या आईवडिलांना हा प्रश्न पडायलाच नको?

उत्तर

तुमच्या पत्रातला तो नकाशा माझ्या मनातून जात नाही. पडद्यावरची एक पट्टी जराशी सरकली आणि एक गाव, तिथली माणसे, तिथल्या शाळा, तुमची सहा वर्षांची नोकरी, सगळे दिसेनासे झाले. आणि हे घडले तेव्हा त्या खोलीत कोणीही कोणाच्या वर्णाबद्दल एक शब्द उच्चारलेला नव्हता. यात वर्णाचा संबंध नाही, हे तुमचे पती प्रामाणिकपणे म्हणत आहेत, असे मी धरून चालते. परंतु मनात द्वेष नसलेल्या माणसाच्या निर्णयातही वर्ण आणि वर्ग दोन्ही उतरू शकतात, कारण त्याच्या हाती येणाऱ्या यादीत ते आधीच मिसळलेले असतात. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी हो किंवा नाही असे उत्तर देणार नाही. त्या उत्तराने तुम्हाला अपराधी तरी वाटेल किंवा सुटल्यासारखे तरी वाटेल, आणि घर निवडण्याचे काम जिथल्या तिथे राहील.

मारिया क्रायसन आणि काइल क्रोवडर या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी माणसे राहायची जागा कशी शोधतात याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, घर शोधणारा माणूस महानगरातल्या सगळ्या वस्त्या समोर मांडून त्यांची तुलना करत नाही. नातेवाईक कुठे राहतात, बरोबरच्या लोकांनी कुठे घरे घेतली, रोजच्या जाण्यायेण्यात कोणते रस्ते लागतात, कोणत्या गावाचे नाव बातम्यांत कशासाठी येते, यांवरून त्याच्या मनात चारपाच जागांची यादी आपोआप तयार होते; आणि किंमत, शाळा, अंगण, स्वयंपाकघर यांची तुलना सुरू होते ती त्या यादीत आलेल्या जागांपुरतीच. जिथे माणसे वर्णानुसार आधीच वेगवेगळ्या वस्त्यांत वाटली गेली आहेत, तिथे त्यांच्या याद्याही वेगळ्या होतात, आणि कोणी दाराला कडी घातलेली नसतानाही जुनी वाटणी पुढच्या पिढीत तशीच उतरते. तुमच्या घरात मात्र एक वेगळी गोष्ट घडली. नोकरीमुळे ते गाव तुमच्या यादीत होते, पतींच्या यादीत नव्हते. तुम्ही सहा वर्षे त्या गावातल्या माणसांचे गुडघे आणि खांदे हाताखालून घातले आहेत, उपचार चालू असताना त्यांच्या मुलाबाळांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. पतींनी त्या गावाचा फक्त आकडा पाहिला आहे. तुम्हा दोघांतल्या मतभेदाचे मूळ मला इथे दिसते.

मग तो आकडा कुठून आला, हे पाहणे भाग आहे.

१९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्या वर्णाच्या माणसाने कोणत्या रस्त्यावर राहावे हे नगरपालिकेला कायदा करून ठरवता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा तेच काम घरांच्या खरेदीखतांनी अधिक जोमाने हाती घेतले. हे घर गोऱ्या माणसाखेरीज कोणालाही विकता किंवा भाड्याने देता येणार नाही, अशी अट खतातच लिहिली जाऊ लागली. १९२६ मध्ये याच न्यायालयाने ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंगला, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल हे गावाने ठरवण्याला, मान्यता दिली, आणि मोठ्या भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर असा नियम करून, वर्णाचा उल्लेखही न करता, कमी उत्पन्नाच्या माणसाला हद्दीबाहेर ठेवण्याची सोय गावांना मिळाली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जांना सरकारी हमी द्यायला सुरुवात केली. त्या हमीच्या बळावर असंख्य सामान्य कुटुंबे पहिल्यांदा घरमालक झाली, परंतु कृष्णवर्णीयांच्या आणि मिश्र वस्त्यांना ती बहुतेक वेळा नाकारली गेली. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका विकासकाने कृष्णवर्णीयांची वस्ती आणि आपली नवी घरे यांच्यामध्ये सहा फूट उंचीची, सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत बांधली, कारण त्याशिवाय त्याच्या घरांना सरकारी हमी मिळत नव्हती. ती भिंत आजही उभी आहे. खतांतल्या वर्णाच्या अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत, असे १९४८ मध्ये ठरले. आणि घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या फेअर हाउसिंग ॲक्टवर ११ एप्रिल १९६८ रोजी सही झाली, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन एकच आठवडा झाला होता.

या मधल्या काळात अमेरिकन मध्यमवर्गाची मुख्य पुंजी कोणती होती, तर घराची वाढत जाणारी किंमत. मुलांचे कॉलेज, आजारपण, म्हातारपण, सगळे त्या किमतीवर निघत होते. ज्यांना घर घेऊच दिले नाही, त्यांच्याकडे १९६८ साली पुढच्या पिढीला देण्यासारखी ती पुंजी नव्हती, आणि कायदा बदलल्याने ती एका रात्रीत निर्माण होणारही नव्हती. आता हा केवळ पैशाचा प्रश्न उरला आहे, असे अनेकांना वाटते, परंतु तेही पुरते खरे नाही. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन आणि इतर अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, एकाच उत्पन्नाचे एक गोरे आणि एक कृष्णवर्णीय कुटुंब घेतले, तर कृष्णवर्णीय कुटुंब सरासरीने अधिक गरीब वस्तीत राहत असते. उत्पन्न सारखे झाले तरी पत्ता सारखा होत नाही.

आता न्यू जर्सीकडे या. या लहानशा राज्यात ५६४ नगरपालिका आहेत आणि शाळांचे जिल्हे सहाशेच्या आसपास. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, आणि तो कर इथे देशात सर्वांत जास्त, सरासरीने वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात आहे. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, शहरातल्या शाळांमधले वर्णविभाजन मोडण्यासाठी भोवतालच्या उपनगरांच्या शाळांना, त्यांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय, त्या योजनेत ओढता येणार नाही. त्या दिवसापासून गावाच्या हद्दीला फार मोल आले. घर घेणारा माणूस विटा आणि लाकडाबरोबर एका हद्दीच्या आतली जागा विकत घेऊ लागला, आणि त्या हद्दीतल्या शाळेचा गुणांक घराच्या किमतीत मिसळला. गुणांक चांगला म्हणून घरे महाग, घरे महाग म्हणून फक्त सुस्थितीतल्यांची मुले शाळेत, आणि त्या मुलांचे परीक्षेतले गुण चांगले म्हणून गुणांक चांगला, असे हे चक्र फिरत राहते. परीक्षेतले गुण आणि पालकांचे उत्पन्न व शिक्षण यांचा संबंध इतका घट्ट आहे की, शाळेला मिळालेल्या सहा किंवा नऊ या आकड्यातून तिथले शिक्षक कसे शिकवतात हे थोडे कळते आणि तिथल्या मुलांचे आईवडील किती कमावतात हे बरेच कळते. तुमच्या पतींनी ती पट्टी सरकवली, तेव्हा त्यांच्या नकळत त्यांनी शेजाऱ्यांचे उत्पन्न निवडले, आणि या देशाच्या इतिहासामुळे उत्पन्नाबरोबर बऱ्याच अंशी शेजाऱ्यांचा वर्णही.

आपण इथे उशिरा आलो, हा काळ्या आणि गोऱ्यांचा जुना हिशेब आहे, आपला त्यात काय संबंध, असे मंडळांच्या कार्यक्रमांत मी अनेकदा ऐकले आहे. पण १९१५ साली वैष्णोदास बगाई हे भारतीय गृहस्थ आपल्या पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. काही काळाने त्यांनी बर्कलीत घर विकत घेतले, आणि सामान घेऊन तिथे पोहोचले तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवले होते. पैसे दिलेल्या घरात त्यांना पाऊल टाकता आले नाही. पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना 'गोरे' मानता येणार नाही, म्हणून ते नागरिकत्वाला पात्र नाहीत, असे ठरवले. बगाई यांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेतले गेले, कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार त्यांना मालमत्ताही ठेवता येईना, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आज बर्कलीतल्या एका रस्त्याला कला बगाई यांचे नाव आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दारे उघडली तेव्हा भारतातून सुरुवातीला आली ती प्रामुख्याने शिकलेली, कौशल्य असलेली माणसे, आणि म्हणून आपल्यापैकी बहुतेक जण इथे आले ते थेट वरच्या मध्यमवर्गात. आपल्याला हव्या त्या उपनगरात घर घेता येते, ते १९६८ च्या कायद्यामुळे. आणि तो कायदा ज्या चळवळीने मिळवला, तिच्यासाठी मार खाल्ला तो तुमच्या त्या सहकारीच्या आजीआजोबांच्या पिढीने. ही गोष्ट मी तुम्हाला ओशाळे करण्यासाठी सांगत नाही. जिच्याशी तुम्ही खोटे बोललात, तिचा आणि तुमच्या घराचा संबंध तुम्हाला वाटतो त्याहून जुना आहे, एवढे मला दाखवायचे आहे.

या बाबतीत मी तुमच्यापेक्षा वेगळी वागले होते, असे मुळीच नाही. आम्ही नवीन असताना भाड्याची जागा शोधत होतो, तेव्हा फोनवर रिकामी असलेली एक जागा आम्ही दोघे दारात उभे राहिल्यावर सकाळीच दिली गेल्याचे कळले. मालकीणबाईंनी हे फार गोड आवाजात सांगितले. जिना उतरताना आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही, आणि 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढचे तीन आठवडे खिडकीत तशीच होती. काही वर्षांनी घर विकत घ्यायची वेळ आली, तेव्हा एजंटला आम्ही विचारलेला पहिला प्रश्न होता, "त्या भागात कोण लोक राहतात?" या दोन प्रसंगांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मला तेव्हा सुचलेसुद्धा नाही.

आता तुमच्या पतींची बाजू, कारण ती हलकी नाही. मूल कोणत्या वस्तीत वाढते याने त्याच्या आयुष्यात खरोखर फरक पडतो. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकन सरकारने बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत एक मोठा प्रयोग केला. अतिशय गरीब सरकारी वसाहतींतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली आणि त्यांतल्या एका गटाला कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहण्यासाठी मदत दिली गेली. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या मुलांचा माग काढला, तेव्हा वयाच्या तेरा वर्षांच्या आत जागा बदललेल्या मुलांचे मोठेपणीचे उत्पन्न इतरांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक आढळले. परंतु या निष्कर्षातले दोन तपशील तुम्ही दोघांनी मिळून पाहावेत. तो फरक अत्यंत गरिबीतून बाहेर पडलेल्या मुलांचा होता; दोन शिकलेल्या, कमावत्या आईवडिलांची मुलगी गुणांक सहाच्या शाळेत गेली की तिचे नुकसान होते, असे त्यातून सिद्ध होत नाही. आणि याच चेट्टींच्या २०२२ मधल्या अभ्यासात असे दिसले की, गरीब मुलांच्या पुढे जाण्याशी सर्वांत घट्ट संबंध असलेल्या गोष्टींत वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतल्या मैत्रीचा समावेश होतो. म्हणजे सुस्थितीतली कुटुंबे आपापल्या हद्दीत निघून जातात, तेव्हा मागे राहिलेल्यांच्या वाट्याची एक मोलाची गोष्ट ती बरोबर घेऊन जातात.

पती शाळेविषयीच बोलत आहेत, यावर माझा विश्वास आहे. पण शाळेच्या आडून आणखी काही बोलते आहे का, हे त्यांनाही तपासता येईल. क्रायसन यांनी शिकागो आणि डेट्रॉइटमध्ये केलेल्या एका प्रयोगात लोकांना वस्त्यांच्या चित्रफिती दाखवल्या. घरे तीच, रस्ता तोच, फक्त रस्त्यावर दिसणारी माणसे कधी गोरी, कधी कृष्णवर्णीय, कधी मिश्र. गोऱ्या प्रेक्षकांनी कृष्णवर्णीय माणसे दिसणाऱ्या त्याच वस्तीला कमी दर्जाची ठरवले. पतींबरोबर बसून एक प्रश्न स्वतःला विचारा: त्याच गावात, तोच सहाचा गुणांक असताना, निम्मी वस्ती आपल्या लोकांची असती, तर आपण त्या शाळेत जाऊन पाहिले असते का? उत्तर मोठ्याने देण्याची घाई करू नका. आणि हे बोलताना 'वर्णद्वेष' हा शब्द त्यांच्यावर टाकू नका, कारण तो शब्द ऐकला की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो आणि ऐकणे थांबवतो. त्यांना नेमकी भीती कशाची वाटते ते विचारा. अकरा वर्षे परक्या देशात, एक चूक झाली तर सगळे उलटेल अशा धास्तीत काढलेल्या माणसाला आकडा हा फार मोठा आधार वाटतो. तो आधार काढून घेण्याऐवजी त्याच्या शेजारी अधिक चांगली माहिती ठेवा.

ती माहिती अशी मिळवता येईल. ॲपवर दिसणारा शाळेचा गुणांक बहुतेक ग्रेटस्कूल्स या शाळांना गुण देणाऱ्या संस्थेचा असतो, आणि तो उलगडून पाहिला तर त्यात परीक्षेतले गुण वेगळे आणि विद्यार्थ्यांनी वर्षभरात केलेली प्रगती वेगळी दिलेली असते. प्रगतीचा आकडा आधी पाहा, कारण शाळेचे स्वतःचे काम त्यात अधिक दिसते. मग प्रत्यक्ष शाळेत जा. मुख्याध्यापकांना विचारा की गेल्या काही वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, आणि वाचनात पुढे असलेल्या मुलासाठी आणि मागे असलेल्या मुलासाठी ते काय करतात. सुट्टीच्या वेळी मैदानावर उभे राहून मुले कशी वागतात ते पाहा. सुरक्षिततेची काळजी असेल तर गावाच्या पोलिसांची आकडेवारी पाहा आणि संध्याकाळी सातला त्या रस्त्यावरून चाला. रिअल्टर डॉट कॉम या घरे शोधण्याच्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नकाशावरून गुन्ह्यांची माहिती काढून टाकली, कारण अशा माहितीमुळे जुनेच पूर्वग्रह बळावतात, असे त्या व्यवसायातल्या लोकांनाही वाटू लागले होते.

घराची किंमत पडेल, ही भीती पत्रात तुम्ही लिहिलेली नाही, पण ती बोलण्यात येईलच. या भीतीवर या देशात धंदा झालेला आहे. कृष्णवर्णीय कुटुंब शेजारी आले की एजंट गोऱ्या घरमालकांना घाबरवून घरे स्वस्तात विकायला लावत आणि तीच घरे कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने विकत. न्यू जर्सीतल्या विलिंगबोरो गावाने ही पळापळ थांबवण्यासाठी घरांपुढे 'विकणे आहे' अशा पाट्या लावायलाच बंदी केली होती. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ती रद्द केली. तुमच्याच राज्यातल्या साउथ ऑरेंज आणि मेपलवूड या शेजारशेजारच्या गावांनी १९९० च्या दशकात वेगळा मार्ग धरला. तिथल्या रहिवाशांनी संघटना काढली, सगळ्या वर्णांच्या खरेदीदारांना गाव स्वतः हिंडून दाखवायला सुरुवात केली आणि मिश्र वस्ती टिकवण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. त्यांच्या शाळांतही वर्णावरून वाद झाले आणि होतात, परंतु तिथली घरे स्वस्त झाली, असे कोणीही म्हणणार नाही.

मंडळातल्या मैत्रिणी 'आपले लोक नाहीत' म्हणतात, त्यात मला तुच्छता कमी आणि एकटे पडण्याची धास्ती जास्त दिसते. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळीने भारतीयांना मारहाण केली, धमक्या दिल्या. त्या काळातून गेलेल्या माणसांना एडिसन आणि आयसेलिनमध्ये आपल्या लोकांच्या शेजारी बरे वाटले, तर त्यांना दोष कोण देईल? तरीही या इच्छेचे टोक कुठे जाते, हे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये साध्या चौकटींच्या पटावर दोन प्रकारच्या सोंगट्या मांडून दाखवले होते. प्रत्येक सोंगटीला एवढेच हवे की आपल्या आसपासच्यांपैकी निदान तिसरा हिस्सा तरी आपल्यासारख्यांचा असावा. कोणालाही दुसऱ्याचा तिरस्कार नाही, सरमिसळ सगळ्यांना चालते. तरी समाधान नसलेल्या सोंगट्या हलवत गेले की थोड्याच वेळात पटावर दोन्ही प्रकारच्या सोंगट्यांचे वेगवेगळे पुंजके तयार होतात, आणि विभागणी कोणालाही हवी होती त्याहून कितीतरी जास्त होते. म्हणून आपल्या लोकांची इच्छा धरा, परंतु तिला मापात ठेवा. मराठी मंडळ, देऊळ, मुलीचा गाण्याचा वर्ग हे सगळे गाडीने गाठता येते. त्यासाठी शेजारीही तेच असायला हवेत असे नाही.

एजंटबाईंविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. 'तुमच्यासारख्या कुटुंबांसाठी ते नाही' हे वाक्य त्यांनी तुमच्या भल्यासाठी म्हटले असेल, तरी त्यामागे लोकवस्तीचा वर्ण असेल तर ते फेअर हाउसिंग ॲक्टच्या विरुद्ध आहे; या व्यवसायात त्याला स्टिअरिंग म्हणतात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर न्यूजडे या वृत्तपत्राने तीन वर्षे चालवलेली चौकशी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सारखीच आर्थिक स्थिती सांगणारी वेगवेगळ्या वर्णांची माणसे त्यांनी ९३ एजंटांकडे पाठवली होती. कृष्णवर्णीयांना ४९ टक्के वेळा आणि लॅटिनोंना ३९ टक्के वेळा गोऱ्यांहून वेगळी वागणूक मिळाल्याचे दिसले, आणि आशियाई माणसांना १९ टक्के वेळा. म्हणजे या कारभारात आपणही दोन्ही बाजूंना असतो. एजंटबाईंना शांतपणे सांगा की, आमच्या रकमेत आणि या अंतरात बसणारी सगळी घरे आम्हाला पाहायची आहेत, त्या गावासकट. त्यांनी टाळाटाळ केली तर एजंट बदला. तक्रार करावीशी वाटली तर राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे, म्हणजे नागरी हक्क विभागाकडे, १८० दिवसांच्या आत करता येते.

माझे मत विचाराल, तर त्या गावात प्रायश्चित्त म्हणून घर घेऊ नका. उपकार केल्याच्या भावनेने राहायला आलेला शेजारी कोणालाच नको असतो, आणि मनाविरुद्ध घेतलेल्या घरात पती दर महिन्याला हप्त्याबरोबर नाराजीही भरत राहतील. पट्टी खाली आणा, ते गाव यादीत परत घ्या, आणि तिथल्या तीन घरांना इतर तीन घरांइतकाच वेळ द्या. थेट गाडी, दहा मिनिटांवरचे काम आणि कमी कर्ज यांमुळे मुलीच्या वाट्याला आईवडिलांचे रोजचे किती तास जास्त येतील, हेही कागदावर मांडा. सगळे पाहून दोन्ही पारडी सारखी झाली, तर मी त्या गावाकडे झुकेन. ते तसे नाही झाले आणि तुम्ही नऊ गुणांकाच्या गावात गेलात, तर तिथे एक काम तुमची वाट पाहत असेल. माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ठरवले की, प्रत्येक विकसनशील गावाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणाऱ्या घरांसाठी आपल्या वाट्याचा वाव ठेवला पाहिजे. तो लढा एथेल लॉरेन्स या त्याच गावातल्या कृष्णवर्णीय शिक्षिकेने उभा केला होता. मार्च २०२४ च्या नव्या कायद्याने २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी गावांची जबाबदारी पुन्हा ठरवली आहे. तुमच्या गावाच्या नियोजन मंडळापुढे अशा घरांचा प्रस्ताव येईल, तेव्हा रहदारी वाढेल, शाळेत गर्दी होईल, गावाचे रूप बदलेल, असे सांगायला सभागृह भरलेले असेल, आणि त्या गर्दीत आपले लोकही असतील. त्या संध्याकाळी तुम्ही दोघे जा, आणि बाजूने बोला.

राहिली तुमची सहकारी. तिला खरे सांगा. लांबलचक माफी मागून तिलाच तुमची समजूत घालायला लावू नका. एवढेच म्हणा की, मागच्या आठवड्यात मी तुला खोटे सांगितले, आम्ही बरेच दिवस घरे बघतो आहोत, तुझे गाव यादीत नव्हते, आता ते आहे. तिला वाईट वाटेल, कदाचित ती काही दिवस बोलणार नाही, आणि तसे वागण्याचा तिला हक्क आहे. ती बोलली तर तिला विचारा की तिच्या गल्लीत हिवाळ्यात बर्फ कधी उचलतात, तळघरात पाणी येते का, आणि दुसरीच्या वर्गाला कोणत्या बाई चांगल्या आहेत.